इद्रियाची दाढ

खुर्चीत एकोणऐंशीचा ओझ्बाल्ट,
खाली डावीकडे तीन काळी ठिगळं.
"चांदी भरतो म्हणाले होते तेव्हा," तो सांगतो,
"निम्मी पाराच निघाली."
आणि हसतो, आ वासलेल्या तोंडानंच.
सव्वीस वर्षं खाणीत पारा उपसला त्यानं.

लेक दाराशी, पर्स छातीशी धरून.
तिनं वाचलंय, गरम चहानंही वाफ सुटते म्हणे.
"सगळं काढा. आजच्या आज."
तिचाही पारा चढलेला.
मी म्हणते, काढतानाच जास्त उडतो, ताई.
घट्ट बसलंय ते बसू दे.
पण एक दाढ तडकलीय. तेवढी घेते.

निळं रबर ताणलं, शोषनळी लावली, पाणी सोडलं.
करडा चुरा डबीत. झाकण. चिठ्ठी. सही.
ज्या गावानं पाचशे वर्षं
जगाला पारा पुरवला
तिथून आता हरभऱ्याएवढा जायचा
तरी तीन कागद लागतात.

मग पांढरं कॉम्पोझिट, थरावर थर,
निळ्या दिव्याखाली वीस-वीस सेकंद.
यातही काही असेल.
त्याची भीती अजून कुणी छापलेली नाही.

"तो तुकडा द्या ना मला," ओझ्बाल्ट म्हणतो.
"नाही देता येत."
"माझाच आहे की."

चूळ भरायला पेला दिला.
दोन्ही हातांनी धरला त्यानं,
तरी पाणी काठावरून सांडत राहिलं
शर्टावर, गुडघ्यावर.

लेक आरशात
नवी दाढ बघत होती.