सोळा-वीस

धक्क्यावर भावाची पाटी आहे.
विल्बर्ट ती शर्टाच्या बाहीने पुसतो,
म्हणून त्याची उजवी बाही कायम पांढरी.
या हंगामात त्याने पाटी चार वेळा पुसली,
दर वेळी आकडा लहान केला.
अक्षर मात्र होतं तेवढंच टपोरं.

सोळा-वीस, म्हणजे पौंडात सोळा ते वीस बसतील अशी.
माझ्या सासऱ्याने याहून चढ्या भावाने विकली होती,
आणि ते जाऊन सव्वीस वर्षं झाली.

मी ओदील, यूलिसची बायको. वह्या माझ्याकडे.
डिझेल नऊशे. बर्फ एकशे ऐंशी. फाटल्या जाळ्याला दोर.
थोरला चार रात्री डेकवर राबला,
ते खर्चात धरलं नाही.
हाती राहिले एकसष्ट डॉलर.
ताळा दोनदा केला.
बेरीज बरोबर होती, तेच वाईट.

हायवेवरच्या दुकानात फ्रीझर उघडून उभी राहिले.
सोललेली, धागा काढलेली, शेपूट तेवढं ठेवलेली,
आणि आमच्या नुसत्या डिझेलपेक्षा स्वस्त.
पिशवीच्या पाठीवर बारीक अक्षरांत एका देशाचं नाव.
तिकडे कुणी बाई बर्फाच्या पाण्यात बोटं घालून
हे सोलत असेल पहाटेपासून.
तिला पौंडामागे काय सुटतं
ते पिशवीवर छापलं नव्हतं.
मला तिचा राग यायला हवा होता.
मी त्याची वाट पाहत राहिले,
फ्रीझर टूं टूं करू लागला, तेव्हा दार लावलं.

ऑगस्टात फादर होड्यांवर पाणी शिंपडतात.
आमच्या 'मिस क्लोतील'वर जरा जास्तच पडलं,
यूलिसचा इस्त्रीचा शर्ट भिजला.
मग चर्चमागे जेवण:
मोठ्या पातेल्यात मका, बटाटे, कोळंबी.
यूलिसने एक उचलली, उलटी करून पाहिली.
डोकं नव्हतं.
आमच्याकडे डोक्यासकट टाकतात,
त्यातल्या केशरी चरबीने पाणी रंगतं.
या पातेल्यात तळचा मका स्वच्छ दिसत होता.

समितीच्या बायका आमच्याकडे बघेनात.
वर्गणी कमी जमली होती, मला ठाऊक होतं,
वर्गणीची वहीही माझ्याकडेच असते.

"कशी झालीय?" फादरनी विचारलं.
"मऊ," यूलिस म्हणाला,
आणि ताटातली सगळी संपवली.

पहाटे तीनला त्याने इंजिन चालू केलं.
दोरीवर तो शर्ट अजून ओलाच होता.
मी नवं पान काढलं, तारीख घातली,
लिहिलं: बर्फ.