काही करू नकोस

फेब्रुवारीतल्या एका सकाळी
मालिनच्या हातून चमचा पडला.
मी म्हणालो, उचल.
तिनं चमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि उजवा हात टेबलावर तसाच,
कुणी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा.
सहा वर्षांची होती.
पक्षाघात म्हाताऱ्यांना होतो, असं मला वाटायचं.
मी दोनदा म्हणालो, उचल.
दुसऱ्यांदा जरा चढ्या आवाजात.
हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आता नऊची आहे. धावते.
बर्नच्या उतारांवर हात सोडून सायकल चालवते.
शेजारच्या फ्राउ एगिमान म्हणतात,
काही झालं होतं असं वाटतसुद्धा नाही!
वाटत नाही, खरं आहे.
फक्त सकाळी मी म्हणतो,
बूट घाल, जॅकेट घे, डबा विसरू नकोस,
तर बूट घातलेली ती दारात उभी असते,
उरलेली दोन वाक्यं
कुठे सांडली ते शोधत.
शाळेच्या वहीत बाईंचा शेरा:
शून्यात पाहत बसते.

इस्पितळाला अभ्यासासाठी मुलं हवी होती.
डॉक्टर झुर्बुखेन आधी खेळ खेळल्या.
एका मिनिटात प्राण्यांची नावं सांग.
गाय. मांजर. गाय.
मग लांबलचक शांतता,
तेवढ्यात माझ्या मनातून अख्खं प्राणिसंग्रहालय चालत गेलं
आणि मी ओठ दाबून बसलो.
मार्मोट, म्हणाली शेवटी.
मग आकडे, उलटे. चार, नऊ, दोन.
दोन, म्हणाली ती,
आणि नऊ कुठे गेला म्हणून
टेबलाखाली वाकून पाहिलं.

मग ते यंत्र, ठोकाठोक करणारं.
काचेमागून डॉक्टर माइकमध्ये बोलल्या:
मालिन, समोर एक फुली दिसेल. तिच्याकडे पाहा.
काही करू नकोस. काही आठवू नकोस.
मेंदू रिकामा बसला की आपसात काय बोलतो,
तेवढंच ऐकायचंय आम्हाला.

मला हसू फुटलं.
शून्यात पाहण्याचे
माझ्या पोरीला आज पैकीच्या पैकी मिळणार होते.

पडद्यावर तिचं डोकं, रंगीत दोऱ्यांचं.
डावीकडे एक डाग, जर्दाळूच्या बीएवढा.
तिथे दोरे नाहीत.
डॉक्टर पेनानं दाखवत होत्या,
इथून पलीकडे बोलणं कमी झालंय,
इकडच्या वस्तीत मात्र गजबज जास्त.
हे चांगलं की वाईट?
त्यांनी पेनाचं टोपण लावलं. काढलं.
अजून ठाऊक नाही, म्हणाल्या.
तीन वर्षांत पहिल्यांदा
मुलं लवचीक असतात हो, असं
कुणी मला ऐकवलं नव्हतं.
मी त्यांचा हात
जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

मी बस चालवतो. वळसा मला कुणी शिकवू नये.
गटारासाठी रस्ता खणला की
आम्ही गल्लीबोळांतून काढतो बस,
जिथे ती कधी जाईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं,
आरसे मिटून, खिडक्यांतल्या कुंड्यांना घासत.
पोचतो. उशिरा पोचतो.
आणि ज्या गल्लीत घुसलो
तिथल्यांची झोपमोड होते,
तीही कुणीतरी मोजावी.

शनिवारी शेवटच्या फेरीला मालिन माझ्या मागच्या सीटवर.
परतीच्या वाटेवर थांबे तीच पुकारते,
बसमधल्या आवाजाच्या आधी:
अग्निशमन दल. चीजचं दुकान. पूल.
उलटे आकडे जमत नाहीत, हे जमतं.
की तिच्यासाठी हे उलटं नाहीच,
नुसतं घरी जाणं आहे?

आज पुलानंतर ती गप्प.
आरशात पाहिलं.
काचेवर तिच्या श्वासाचं धुकं,
त्यात बोटानं काढलेली एक फुली.
थांब्याचं नाव माझ्या जिभेवर आलेलं,
गिळलं.
सिग्नल हिरवा झाला. मागून कुणी हॉर्न दिला, मग पुन्हा.
माझा पाय ब्रेकवर.

थांब, म्हणाली ती.
येतंय.