तिसरा दिवस की चौथा

तापातून उठली तेव्हा सासूला
चुलीचा धूर दिसत होता, येत नव्हता.

इनाकाली म्हणजे आमच्या डोंगरावर
अखुनीतला शेवटचा शब्द.
शनिवारच्या बाजारात बायका तिची पुडी
न उघडताच पिशवीत टाकायच्या.
तीच आता उकडलेल्या सोयाबीनच्या टोपलीवर वाकते,
वरची केळीची पानं जरा सारते
आणि मला विचारते, "झाली का?"

मी दोयांग नदीकडची, लोथांची लेक.
आमच्याकडे बांबूचे कोंब आंबतात,
त्या वासात मी रांगले, पाढे म्हटले.
ह्या घरात आले त्या पहिल्या आठवड्यात
ह्याच टोपलीपाशी मी नाक मुरडलं होतं. चोरून.

"वास कसा यायला हवा?" मी विचारते.
चाळीस वर्षं हातानं केलेलं तोंडानं सांगायचं
तर तिची जीभ अडते.
"ओल्या शालीसारखा. छे.
शिकुतोचा बाप रात्रभर रानात बसून यायचा ना,
त्याच्या कोटासारखा."
त्याला मी फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलंय.

दाणे ह्या वर्षी थोडेच.
वरच्या उतारावर मक्याच्या ओळींत पेरले होते.
ते रान सात वर्षांतच पुन्हा जाळलं,
तिचा सासरा म्हणे पंधरा थांबायचा.
जाळायला अख्खं गाव असतं,
निंदायला आम्ही दोघी
आणि पाखरं हाकलायला एक फुटका डबा.

तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, झाली.
कुटली, पुड्या बांधल्या, बाजारात नेल्या.
झुखालीनं त्या दिवशी पहिल्यांदाच पुडी उघडली,
हुंगली,
आणि काही न बोलता पैसे देऊन गेली.
त्यापेक्षा परत केली असती तर बरं.

पुढच्या खेपेला इनाकालीनं माझा हात धरून
टोपलीत खुपसला.
ऊब बघ, म्हणाली,
निजलेल्या कुत्र्याच्या पोटाइतकी हवी.
दोन दाणे चिमटीत धरून ओढ,
तार तुटता कामा नये.
शिकत होते मी. बोटांना कळत होतं,
नाक मात्र अजून माहेरचंच.

चौथ्या रात्री जाग आली, कशानं ते कळेना.
उठून चुलीपाशी गेले.
ती आधीच बसलेली, निखाऱ्यांच्या उजेडात,
टोपलीकडे नाही,
माझ्या तोंडाकडे बघत.

"मुरडलंस," ती म्हणाली.
"आलीस त्या आठवड्यात मुरडलं होतंस, अगदी तस्सं.
त्या दिवशीची अखुनी
माझ्या हातची सगळ्यांत चांगली होती."

मग उखळ पुढे ओढलं.
"एवढं कर," मुसळ माझ्या हातात देताना म्हणाली,
"सवय नको करून घेऊस."