उतारावरचा फट्

चढताना शहाणी असते.
टॉडमॉर्डनच्या चढणीला तिसऱ्या गियरमध्ये
शहात्तर सालची ही होंडा
शिवणयंत्रासारखी चालते.
वर माळावर मेंढ्या, वारा, थोडं धुकं.
मी वळते, थ्रॉटल सोडते,
आणि उतार लागला की मागून
फट्.
मग बराच वेळ काही नाही. मग फट् फटाक्,
कुणी लवंगी माळ सोडवून एकेक पेटवतंय जणू.

माझं काम कानांचं. हॅलिफॅक्सच्या इस्पितळात
लोकांना बंद खोलीत बसवते, हेडफोन देते,
म्हणते, ऐकू आलं की बटण दाबा.
म्हणून आधी आठवडाभर नुसतं ऐकलं.
थंडीत जास्त.
चोक ओढला की कमी.
म्हणजे पोटात पेट्रोल थोडं, हवा फार.

तरी पुस्तक म्हणालं, आधी सायलेन्सरचा सांधा बघा.
पेट्रोलचा नळ बंद केला, दोनदा खात्री केली,
कार्ब्युरेटरमधल्या उरल्यासुरल्यावर इंजिन चालू ठेवून
लेस्टरहून आणलेली मोगऱ्याची उदबत्ती
चार नळ्या एक होतात तिथे धरली.
धूर सरळ वर गेला. सांधा निर्दोष.
गॅरेजला मात्र चार दिवस गुरुवारचा वास.

मग दुसऱ्या दिवशी, गार इंजिन नुकतं सुरू केलेलं,
तवा तापला का बघायला शिंपडतो
तसं नळ्यांवर बोटांनी पाणी शिंपडलं.
पहिली चर्र. तिसरी चर्र. चौथी चर्र.
दुसरीवर थेंब तसाच बसला,
गोल, निवांत,
आणि सावकाश घरंगळला.

सापडलीस.
तुझ्या वाट्याचं पेट्रोल न जळताच पुढे जात होतं
आणि बाकी तिघींच्या धगीत, नळीच्या अंधारात,
उशिरा, नको तिथे पेटत होतं.
(अशी माणसं असतात. जेवताना चूप,
निघताना चपला घालता घालता सगळं काढणारी.
आमच्याकडे दोन आहेत.)

पितळेचा जेट, शेंगदाण्याएवढा.
भोक इतकं बारीक की उजेडाकडे धरून
एक डोळा मिटावा लागतो. मिटला.
काळोख.
कीथच्या शेवटच्या दोन हिवाळ्यांचं पेट्रोल
आत वाळून हिरवट लाख झालेलं.
जुन्या वायरीतला तांब्याचा एकच केस उपटून
तासभर टोकरत बसले.
शेवटी टाचणीच्या टोकाएवढा दिवस दिसला.

रविवारी उतरले. काही नाही.
साखळीचा आवाज, खाली कालव्यावर बदकं.
डोरीन ग्रीनवुडच्या दाराशी गाडी लावली.
तिच्याकडूनच घेतलेली, म्हणून दर रविवारी दाखवून जाते.
एरवी मी हेल्मेट काढेपर्यंत किटली चढलेली असते.
आज दार बंद.
बेल. पुन्हा बेल. मग खिडकीच्या काचेवर टकटक.
कानातलं यंत्र बशीत, साबणाशेजारी.
"अगं बाई, तू? केव्हा आलीस?"

आलेख न काढताही मला कळायला हवं होतं.
उंच सूर तिचे गेलेत. चिमण्या गेल्या,
फोनवरच्या नातवाचा 'स' गेला.
तो खालचा जाडा फट् तेवढा
दोन वळणं आधीपासून पोचायचा.

मी म्हटलं, डोरीन, दुरुस्त केली मी.
ती चहा ढवळत राहिली.
"पस्तीस वर्षं सांगत होते त्या माणसाला."
मी म्हटलं, हवं तर बिघडवते परत. सोपं आहे.
एक स्क्रू, पाव फेरा.
"हात तर लावून बघ."

मग बशीतलं यंत्र पुसून कानात घातलं.
ते किंचाळलं, गप्प झालं.
स्लिपर्समध्येच बाहेर आली. "चालू कर."
केली. ओल्या फरशीवर चौघी
एकसारख्या बोलत होत्या.
ती वाकली, बराच वेळ वाकूनच राहिली,
आणि दुसऱ्या नळीकडे बोट करून म्हणाली,
"हीच ना?"

कुठली ते मी सांगितलं नव्हतं.