दाखल तारीख

गाडी ट्रकमधून आली, गादीला टेकवून बांधलेली,
आरशांना माझी जुनी ओढणी.
पुढं के ए पंचवीस, मागं के ए पंचवीस.
मी बसनं आले, मागाहून,
मिरजेच्या लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर
नंबर चिकटवायच्या नोकरीवर.

पहिल्याच आठवड्यात विश्रामबागेत शिट्टी.
"कर्नाटक?"
ताप आहे का विचारावं, तसं विचारलं हवालदारानं.
कागद काढले. सगळे होते.
सगळे तिकडचे होते.

आरटीओत म्हणाले, धारवाडहून ना हरकत आणा.
धारवाडची कधीच हरकत नव्हती.
आईची होती थोडी,
ती तिनं शेंगाचटणीच्या डब्यात दाबून भरून दिली,
वर झाकणाला रबर.

दादानं तिकडं तीन खेपा घातल्या.
अठ्ठावीस नंबरचा फॉर्म, त्याच्या प्रती,
हप्ते फिटल्याचं बँकेचं पत्र,
आणि गाडी चोरीची नाही असा एक दाखला,
जो हातात आल्यावर मला उगाचच
आपण काहीतरी पळवून आणलंय असं वाटत राहिलं.

पत्त्याचा पुरावा?
उपाध्येकाका म्हणतात, "भाडेकरार करू की, एवढी दिवाळी होऊ दे."
लाइटबिल त्यांच्या चुलत्यांच्या नावावर.
चुलते वारून एकोणीस वर्षं झाली,
बिल मात्र वेळेवर भरतात.

दिवाळी झाली.
मगदूम एजंट, कडुनिंबाखाली, स्कूटरच्या सीटवरच ऑफिस,
खिशाला तीन पेनं.
"ताई, शिसपेन्सिल हाय का? पेन चालत न्हाई ह्याला."
शेजारच्या टपरीवरनं त्यानं पोराच्या दप्तरातली मागून घेतली,
मागं खोडरबर चावलेली.
गाडी आडवी केली, चिंधीनं सांगाडा पुसला.
चिंधीवर लाल माती आली.
इथली माती काळी. मगदूम काही बोलला नाही,
चिंधी झटकली, झालं.

मग पातळ कागद ठेवून
तो पेन्सिल तिरकी घासत गेला, हळूहळू,
आणि कागदातून आकडे वर यायला लागले,
एक एक, बुडबुडे यावेत तसे.
सात वर्षं ही गाडी चालवतेय,
हा नंबर मी कधी बघितला नव्हता.
"हा बदलत न्हाई," मगदूम म्हणाला,
"बाकी सगळं बदलतंय. टॅक्स तेवढा परत भरा."

खिडकीत कोळेकर मॅडम, डबा अर्धा उघडा, मेथीचा वास.
"राज्यात दाखल झाल्याची तारीख लिहिली नाही."
कुठली लिहू?
ट्रक आला ती? मी आले ती?
की भाजीवालीकडं सुट्टे नव्हते आणि ती म्हणाली,
"र्‍हाऊ दे, उद्या दे तीन रुपये,"
ती?
म्हणजे तिनं धरूनच चाललं होतं
उद्या मी इथं असणार.

"मॅडम, नक्की आठवत नाही."
"ट्रकची पावती असेल की."
होती. लिहिली.
तीन रुपये कुठल्या रकान्यात जाणार.

रात्री दादाचा फोन, "आतेनु?"
झालं रे, म्हटलं, मराठीतच,
आणि दोघंही क्षणभर गप्प.
मग त्यानं विचारलं, जुनी पाटी काय केलीस?
मोरीतल्या बादलीवर झाकण म्हणून ठेवलीय.
नीट बसते. जरा लांब आहे, पण बसते.

आज ड्युटी संपवून पार्किंगमध्ये गेले.
गाड्यांच्या रांगा, सगळ्यांवर एम एच दहा.
पंचवीस शोधत मी या टोकाकडून त्या टोकाला,
परत त्या टोकाकडून या टोकाला,
आणि माझ्याच गाडीसमोरून
दोनदा पुढं गेले.