सात वर, सात खाली

वार्डन म्हणजे मीच. कारकूनही मीच,
आणि रात्री दहाला मेन स्विच पाडणारा तोही मीच.
बारा दुमजली खाटा, चोवीस गाद्या,
तीन ढेकणांपायी उन्हात टाकलेल्या, म्हणजे एकवीस.
माणशी दीडशे, संस्थेचं कार्ड असेल तर शंभर,
गरम पाण्याची बादली वीस. धुराचा वास फुकट.

कणकुंबीला कोण येतं?
चोर्ल्याच्या वळणांवर ब्रेक झिजवून आलेले सायकलवाले,
फुलपाखरं मोजायला निघालेली कॉलेजची पोरं.
एक जर्मन बाई आठ दिवस राहिली, बेडकांचे आवाज टिपत,
जाताना खोली झाडून गेली.
नियमच आहे तो, आपली ताटली आपण, आपला कोपरा आपण,
भिंतीवर तीन भाषांत लावलाय,
वाचणारी ती एकटीच निघाली.

रजिस्टरात रकाने सहा.
चौथा 'राज्य'. तिथं काही जणांचं पेन थांबतं,
काही जण नुसतं 'बेळगाव' लिहून माझ्याकडे बघतात.
मी पान उलटतो. मला खाटेचा नंबर हवा.
बाकी मोबाइललाही इथं कळत नाही,
खिडकीत ठेवला तर गोव्यात स्वागत,
न्हाणीघराशी महाराष्ट्र.

डिसेंबरात शेवटच्या बसनं एक म्हातारा उतरला.
गुरुपादप्पा अंगडी, धारवाड.
कार्ड काढलं ते प्लॅस्टिकात, कडा कुरतडलेल्या,
मुदत मार्च ब्याऐंशी.
"चालतं?"
प्रत्येक मराठी शब्द आधी चावून बघितल्यासारखा.
मी म्हटलं, आजोबा, मुदत संपून...
आणि बोटांवर मोजता मोजता थांबलो.
शंभर लावले.

दोन गाद्या, म्हणाला. सात नंबर. वरची पण.
दुसरे कुठं आहेत?
"निपाणीचा आहे तो."
दोनशे मोजून ठेवले, पाण्याचे वीस वेगळे.
एकच बादली.

मग जुनं रजिस्टर मागितलं.
माळ्यावर, तांदळाच्या पिंपामागे. शहात्तर ते एकोणऐंशी वाळवीनं खाल्लेली.
एक्याऐंशी शिल्लक. नोव्हेंबर, शनिवार.
एक ओळ कन्नडात, गोल गोल.
खालची मराठीत, तिरकी, घाईची: दिनकर मगदूम, निपाणी.
चौथ्या रकान्यात एकानं एक राज्य लिहिलेलं, दुसऱ्यानं दुसरं,
मग दोन्हींवर काट मारून
उभा महिरपी कंस, आणि एकच शब्द: सायकल.
शेरा त्या वेळच्या वार्डनचा,
'रात्री दीडपर्यंत बडबड. समज दिली.'

म्हाताऱ्यानं बोट ठेवून वाचलं. मराठी ओळ दोनदा.
हसला, तेव्हा दिसलं, वरचे दात नव्हते.

मल्लव्वा चादरी घेऊन आली.
"एरडु?"
"हूं. एरडु."
तिनं दोन्ही गाद्यांवर एकेक ठेवली. विचारलं काहीच नाही.

दहाला स्विच पाडला.
बाराला उठलो, मोटर लावायला, थ्री-फेज तेव्हाच येतो.
खोलीत बोलणं चालू होतं.
कन्नड, मधेच मराठी, मधेच बराच वेळ गप्प,
फोनवर पलीकडचा बोलत असला की माणूस जसा गप्प असतो.
नियमाप्रमाणे समज द्यायला हवी होती.
मी मोटर लावली.
तिचा आवाज बराच होतो.

सातच्या बसनं गेला. कोपरा झाडलेला, ताटली पालथी.
खालची चादर चुरगळलेली,
वरचीची घडीसुद्धा मोडली नव्हती.
मी म्हटलं, ही ठेव कपाटात, साबण तरी वाचेल.
मल्लव्वानं माझ्याकडे बघितलं, एखाद्या पोराकडे बघावं तसं.
"माणूस निजून गेलंय की त्येच्यावर," म्हणाली,
आणि दोन्ही बादलीत बुडवल्या.

धुकं दिवसभर उठलं नाही. दोरीवर दोन्ही तशाच ओल्या.
संध्याकाळी पुण्याची सात जणं आली,
आणि मला दोन चादरी कमी पडल्या.