दोन हात

रे रोडच्या शेडमध्ये तीन गाड्या,
हिरव्या, अजून कुणाच्याच नाहीत.
त्यातली एक गुरुवारी बोटीवर चढणार,
ज्या देशात उतरणार त्याचं नाव
आमच्या मुकादमाला अजून धड घेता येत नाही.

मी रंगारी. माझं काम निवड झाल्यावर.
तोवर डब्यावर बसून ऐकत होतो.

मेजरसाहेब चेनच्या गाडीभोवती फिरले.
चिखल असो, ओढा असो, ही अडत नाही.
अडत नाही साहेब, सुभेदार खुटवड म्हणाले,
पण मागे रस्ता उरत नाही.
तिकडे रस्ता एकच. त्यावरूनच बाजार,
त्यावरूनच अडलेली बाळंतीण.
राखायला जायचं, आणि पहिल्याच दिवशी
त्यांची वाट नांगरून ठेवायची?

दुसरी सहा चाकांची, डोक्यावर तोफ.
खुटवड तिच्यासमोर गुडघ्यावर बसले,
शाळकरी पोराच्या उंचीवर डोळे आणून.
इथून नळी दिसते, म्हणाले.
माणूस दिसत नाही.

तिसरी जुनी. पोट होडीसारखं निमुळतं,
सुरुंगाचा धक्का दोन्ही अंगांना सांडून देणारं.
मागचं दार रुंद.
मला हाक आली: रंगारी, आडवा हो.
फळीवर झोपवून दोघांनी मला आत सरकवलं.
पाय राहतात का बाहेर?
राहिले. चार बोटं.
चालेल. बाक कापू.

आणि गोळीबार झाला तर? मेजरसाहेबांनी विचारलं.
बाहेर ट्रेलर मागे घेत होते,
त्याची टीं टीं संपेपर्यंत सुभेदार गप्प.
झालाय साहेब.
तेव्हा माझ्याकडे चेनचीच होती.
पुढचं कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी चिठ्ठी आली: तिसरी. पांढरा, दोन हात.
एका हाताने हिरवा झाकत नाही,
उन्हात तर खालून चक्क बघतो.
मुकादमाला म्हणालो, गंमत बघा,
दोन हात करायचे नाहीत म्हणून दोन हात द्यायचे.
तो हसला नाही. थिनर कमी पडत होतं.

रात्री खुटवड पुन्हा आले, चपला घालून.
आतून हिरवाच राहू दे, म्हणाले.
आत कोण बसलंय
ते आपल्याला ठाऊक असलेलं बरं.

मी मान हलवली.
मागच्या दाराला मात्र
तिसरा हात दिला, पदरचा.